फ्लायव्हील फुल्ल फिरतंय, तरी ट्रायल्सची गाडी आडवी का होते?

"चाक जोरमा फिरस, तरी गाडी पडी जास, भाऊ." ट्रायल्सच्या गाडीवर, म्हणजे पाय न टेकवता दगडधोंडे चढायच्या खेळातल्या मोटरसायकलवर, जायरो (तोल सावरायला जोरात फिरणारी जड चकती) बसवणाऱ्या पोरांकडून हेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतं. कधी धुळे-शिरपूरकडची इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची टीम असते, कधी पारोळ्याकडचा एखादा हौशी गॅरेजवाला. मांडणी जवळजवळ सारखीच असते: जळगावच्या एमआयडीसीत लेथवर काढलेली पोलादी चकती, म्हणजेच फ्लायव्हील, तिला ब्रशलेस मोटर, आणि सीटच्या जागी चार बोल्टांनी घट्ट आवळलेला सांगाडा. चकती शिट्टी मारल्यासारखी फिरते. हात सोडला की गाडी आधी पडायची तशीच पडते. मग निष्कर्ष निघतो की चकती हलकी पडली, आणि मंडळी पुन्हा लेथवर जाऊन दुप्पट जाडीची काढून आणतात. ती फिरवूनही गाडी पडतेच.

वजन वाढवण्याआधी ते चार बोल्ट बघा. खोट तिथे आहे.

फिरती चकती स्वतःहून कुणाला उभं धरत नाही. सायकलचं पुढचं चाक काढून त्याचा आस दोन्ही हातांत धरा, कुणाला तरी चाक जोरात फिरवायला सांगा आणि आस एका बाजूला वाकवून बघा. चाक वाकवण्याला विरोध करतं असं वाटतं, पण नीट लक्ष दिलं तर ते काटकोनात दुसरीकडेच वळू बघतं. ते वळणं म्हणजे प्रिसेशन. चकतीला हे वळणं करू दिलं तरच ती उलट बाजूला टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देते. वळण्याची वाट बंद केली की ती साधं वजन होऊन बसते.

आता हेच गाडीवर लावून बघा. चकतीचा आस उभा आहे आणि सांगाडा घट्ट आवळलेला आहे. गाडी डावीकडे कलली की चकती गाडीचं नाक वर किंवा खाली करू बघते. ते नाक दोन टायरांनी जमिनीवर टेकलेलं असतं, त्यामुळे त्या सगळ्या धडपडीचा परिणाम एवढाच की एका टायरवरचा भार किलो-दोन किलोने वाढतो आणि दुसऱ्यावरचा तेवढाच कमी होतो. कलणं जसंच्या तसं चालू राहतं. म्हणून चकती गिम्बलमध्ये, म्हणजे झुलत्या चौकटीत हवी: उभ्या आसाची चकती, आणि तिचा सांगाडा गाडीच्या आडव्या आसावर पुढे-मागे झुलू शकेल असा. तो पुढे-मागे झुलला की डाव्या-उजव्या बाजूला टॉर्क मिळतो.

इथपर्यंत बऱ्याच जणांना पटतं आणि ते गिम्बल करतातही. पण लगेच दुसरी चूक होते: चकती मधोमध राहावी म्हणून गिम्बलला स्प्रिंग लावतात, किंवा गुरुत्वमध्य खाली राहील म्हणून चकती बेअरिंगच्या खाली टांगतात. दोन्ही गोष्टी ऐकायला शहाणपणाच्या वाटतात आणि दोन्हींमुळे काम बिघडतं. लॉर्ड केल्विन आणि टेट या शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिलं होतं की जायरोच्या जोरावर एखादी रचना उभी राहायची असेल, तर तिच्यातल्या अस्थिर हालचालींची संख्या सम असावी लागते. गाडीचं कलणं ही एक अस्थिर हालचाल झाली. स्प्रिंग लावलेला किंवा खाली टांगलेला गिम्बल स्थिर झाला. एकूण अस्थिर हालचाल एकच उरली, म्हणजे विषम, आणि मग चकती कितीही जोरात फिरवा, गाडी उभी राहणार नाही. चकती बेअरिंगच्या वर बसवली, म्हणजे गिम्बल स्वतःसुद्धा पडू बघणारा केला, तर संख्या दोन होते आणि काम जमू शकतं. तरीही घर्षण हळूहळू हे संतुलन खात जातं, म्हणून मोटरने गिम्बलला बाहेरून ऊर्जा देत राहावी लागते.

लुई ब्रेनन या संशोधकाला हे कळलं होतं. त्याने १९०९ साली इंग्लंडात गिलिंगहॅमला एकाच रुळावर उभी राहणारी गाडी चाळीस माणसं बसवून चालवून दाखवली, ती याच तत्त्वावर: चकती ज्या दिशेला वळायला लागते त्याच दिशेला तिला आणखी ढकलायचं. प्रिसेशन अडवलं की गाडी पडते, त्याला घाई केली की गाडी उठते. गिम्बलच्या मोटरचा प्रोग्रॅम लिहिताना हे एक वाक्य समोर चिकटवून ठेवा.

खेळण्यातला किंवा रोबोटचा पोझिशन सर्व्हो (छोटी गिअरवाली मोटर) वापरणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. तो सर्व्हो दिलेला कोन धरून ठेवतो, म्हणजे तुमच्या दृष्टीने तोही एक कडक स्प्रिंगच. त्याला 'शून्यावर राहा' असा हुकूम दिला की तुम्ही चकती पुन्हा बोल्टने आवळली असं समजा. गिम्बलला कोनाचा नाही, वेगाचा हुकूम द्यायचा असतो: गाडी किती कलली आहे आणि किती वेगाने कलते आहे, या दोन्हींच्या प्रमाणात गिम्बलचा वेग. शिवाय छोट्या सर्व्होचे दात तुटतात, त्याचंही कारण इथेच आहे, ते पुढच्या हिशोबात दिसेल.

मी पोरांना नेहमी एकच चकती हिशोबाला देतो: २० सेंटिमीटर व्यासाची, २ सेंटिमीटर जाडीची पोलादी चकती. वजन ५ किलोच्या आसपास. मिनिटाला १०,००० फेरे दिले तर तिचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा साठलेला जोर, साधारण २६ न्यूटन-मीटर-सेकंद होतो. याचा अर्थ असा की गिम्बल सेकंदाला १ रेडियन, म्हणजे साधारण ५७ डिग्री वेगाने फिरवला की गाडीला २६ न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. आणि उलटही खरं: गाडी सेकंदाला ५७ डिग्रीने कलली की तेवढाच २६ न्यूटन-मीटर टॉर्क गिम्बलच्या मोटरवर येतो. बाजारात '२० किलो' म्हणून मिळणारा सर्व्हो फार तर २ न्यूटन-मीटर झेलतो. दात जाणारच.

याच चकतीत १३,७०० ज्यूल ऊर्जा साठलेली असते. १४० किलो वजन, म्हणजे गाडी आणि तिच्यावरचा माणूस, १० मीटर उंच उचलायला लागेल इतकी. म्हणून बिडाची चकती अजिबात नको, वेल्डिंगने जोडलेली नको, एकसंध पोलादाचीच हवी. भोवती जाड पत्र्याचं बंद कवच हवं, आणि चाचणी चालू असताना चकतीच्या पातळीत कुणीही उभं राहायचं नाही. मोटर बंद केल्यावरही ती बराच वेळ फिरत राहते. कवच उघडायची घाई करू नका.

मूळ बिघाड कुठे आहे हे शोधायला गाडी चालवून बघायची गरज नाही. गॅरेजच्या वरच्या आडव्या गर्डरला दोन पट्टे बांधा, गाडी त्यात सैल अडकवा, म्हणजे पडलीच तर दहा-पंधरा डिग्रीवर पट्टे तिला झेलतील. चकती पाव वेगाने फिरवा, गिम्बलची मोटर बंद ठेवा, आणि हाताने हँडलजवळ धरून गाडी हळूच डावीकडे ढकला. नजर गिम्बलवर ठेवा. गिम्बल हललाच नाही, तर तो कुठेतरी अडकलाय: बेअरिंग जास्त आवळलं असेल, वायरींचा जुडगा ताणला जात असेल, नाहीतर मोटरचा गिअर उलटा फिरू शकत नसेल. वर्म गिअर असला की हेच होतं. तो बाहेरून ढकलल्यावर फिरत नाही, त्यामुळे ही हाताची परीक्षा त्याच्यावर चालत नाही, आणि मोटर बंद पडली की चकती पुन्हा कुलूपबंद. गिम्बल मोकळेपणी हलला, तर तो पुढे झुकला की मागे हे खडूने सांगाड्यावर लिहून ठेवा. मोटर चालू केल्यावर तिने त्याच दिशेला जोर लावला पाहिजे.

आता एक असा बिघाड, जो चांगल्या चांगल्यांना चकवतो. काल चालणारी गाडी आज चालू केल्या केल्या पट्ट्यावर आदळते, जणू कुणी ढकलून दिली. प्रोग्रॅम तोच, कलणं मोजणारा सेन्सर तोच. विचारलं की कळतं, रात्री मोटरची एक वायर सुटली होती आणि कुणीतरी पुन्हा डाग दिला. ब्रशलेस मोटरच्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते. चकती उलटी फिरली की तिचा टॉर्कही उलटा, आणि सावरायला लिहिलेला प्रोग्रॅम आता गाडीला पाडायला मदत करतो. डोळ्यांना दहा हजार फेऱ्यांची चकती कुठल्या बाजूने फिरते हे दिसत नाही. म्हणून कवचावर बाण रंगवा, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर चकती अगदी हळू फिरवून बाणाशी ताडून बघा.

दिशा बरोबर, गिम्बल मोकळा, तरी गाडी सेकंदभर छान उभी राहते आणि मग पडते? हा जायरोचा साठा संपल्याचा प्रकार. बिनमाणसाची ७० किलोची ट्रायल्स गाडी घ्या, गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटर. ती ५ डिग्री कललेली असेल तर तिला पाडणारा टॉर्क साधारण २७ न्यूटन-मीटर. आपली चकती तेवढा देते, पण गिम्बल एका बाजूला ६० डिग्रीपर्यंत गेला की टोकाला टेकतो, आणि तिथे पोहोचेपर्यंत त्याचा प्रभावही निम्मा झालेला असतो. हा सगळा साठा त्या कललेल्या गाडीला एक सेकंदही पुरत नाही. जायरो हा टेका नाही. तो फक्त वेळ उसना देतो, आणि ती उसनवारी फेडावी लागते.

फेडण्याचा मार्ग असा. गाडी कायम सरळ, म्हणजे सेन्सरच्या शून्यावर उभी करायचा हट्ट सोडा. बॅटरी एका बाजूला बसवलेली असते, सायलेन्सर एकाच बाजूला असतो, खालचा दगड तिरपा असतो. गाडीचा खरा समतोल शून्यावर नसतोच, अर्धा-एक डिग्री इकडे-तिकडे असतो. शून्याचा हट्ट धरला तर गिम्बल त्या अर्ध्या डिग्रीशी झुंजत हळूहळू सरकतो आणि टोकाला जाऊन टेकतो. म्हणून गिम्बलच्या कोनावर दुसरा, संथ हिशोब ठेवावा लागतो: गिम्बल एका बाजूला रेंगाळायला लागला की गाडीचा अपेक्षित कोन थोडासा बदलायचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणच गिम्बलला मध्यावर परत आणतं. हा दुसरा हिशोब घातला की गाडी बारीक डुलत उभी राहते आणि गिम्बल मधल्या दहा-बारा डिग्रीत खेळतो. तो न घालता चकती जड करणं म्हणजे सेकंदाचे दोन सेकंद करणं.

ट्रायल्सचा म्हणून एक खास त्रास आहे, तो रस्त्यावरच्या गाडीला फारसा होत नाही. सपाटीवर उभी राहणारी गाडी वाघूरच्या पात्रातल्या पहिल्याच दगडावर पुढचं चाक चढवताना बाजूला फेकली जाते, आणि प्रत्येक वेळी त्याच बाजूला. चाक दगडावर उचललं की सगळी गाडी मागे झुकते. चकतीच्या दृष्टीने हे झुकणं म्हणजे गिम्बल फिरवल्यासारखंच! नाक सेकंदाला २ रेडियन वेगाने उचललं तर एकाच चकतीचा ५२ न्यूटन-मीटरचा टॉर्क कुणी न मागता बाजूला लागतो. ५ डिग्री कललेल्या गाडीला पाडणाऱ्या टॉर्कच्या जवळजवळ दुप्पट. आस आडवा आणि गिम्बल उभा केला तर नाक उचलल्याचा त्रास जातो, पण मग वळताना तोच प्रकार होतो, आणि ट्रायल्समध्ये जागच्या जागी वळणं तर सतत असतं.

यावर उपाय एकच: दोन चकत्या, एकमेकींच्या उलट फिरणाऱ्या, आणि दोन्ही गिम्बल गिअरने असे जोडलेले की एक पुढे झुकला की दुसरा तेवढाच मागे. मग कलण्याविरुद्धचे टॉर्क एकत्र होतात, आणि नाक उचलल्याने किंवा वळल्याने येणारे एकमेकांना मारतात. ब्रेननच्या गाडीतही उलट फिरणारी जोडीच होती. खर्च दुप्पट, वजन दुप्पट, पण दगड चढायचा असेल तर एका चकतीच्या नादाला लागूच नका. आणि दोन्ही चकत्यांचा वेग सारखा राहतोय का ते तपासत राहा. एका कंट्रोलरने उन्हात तापून वेग पाडला की जोडीचा उपयोग तिथेच संपला. जळगाव-भुसावळचा मे महिना पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा बंद कवचात मोटर आणि कंट्रोलर दोन्ही भाजतात. कंट्रोलर कवचाबाहेर, सावलीत बसवा आणि चाचणी सकाळी लवकर उरकून घ्या.

थरथरीबद्दल थोडक्यात. चकतीच्या कडेला एक ग्रॅमचा फरक असला तरी १०,००० फेऱ्यांना तो दर फेरीला साधारण ११० न्यूटनचा, म्हणजे ११ किलोचा हिसका देतो. चकती बॅलन्सिंग मशीनवर चढवल्याशिवाय पूर्ण वेग देऊ नका. बॅलन्सिंग कुठे होतं हे मोटर रिवायंडिंगवाल्यांना विचारा. सेन्सर या थरथरीने वेडा होतो, म्हणून तो चकतीच्या सांगाड्यावर लावू नका, चेसीवर रबर घालून लावा. एमपीयू-६०५० ही सेन्सरची चिप वापरत असाल तर त्याचा आतला फिल्टर ४४ हर्ट्झच्या आसपास ठेवा, तिथे विलंब साधारण ५ मिलिसेकंद असतो. आकडे शांत दिसतात म्हणून काही जण तो ५ हर्ट्झवर नेतात. मग विलंब १९ मिलिसेकंद होतो आणि गाडी डुलत डुलत मोठे झोके घ्यायला लागते. झोके दिसले की आधी फिल्टर बघा, मग गिम्बलच्या गिअरमधली ढिलाई. बेअरिंगवरही कंजुषी नको: गिम्बल जोरात फिरतो तेव्हा ५ सेंटिमीटर अंतरावरच्या दोन बेअरिंगांवर प्रत्येकी दोनशे किलोपर्यंत भार येतो.

शेवटी तो प्रश्न, जो चकती फिरायला लागल्यावर सगळेच विचारतात: आता वर बसून चालवू का?

माणूस बसवला की हिशोबच बदलतो. एकूण १४० किलो, आणि ट्रायल्समध्ये माणूस फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभा, म्हणजे गुरुत्वमध्य ९० सेंटिमीटरच्या आसपास. ५ डिग्रीला पाडणारा टॉर्क १०८ न्यूटन-मीटर. आपली चकती हा भार सेकंदाचा पाचवा हिस्सा पेलते. शिवाय ट्रायल्सचा चालक गाडी मुद्दाम कलवतो, स्वतः उलट बाजूला झुकतो, हँडल टोकापर्यंत वळवून थांबतो. त्याच्या पायाखाली कुणीतरी गाडी सरळ करायला बघत असेल तर ती मदत राहत नाही, दोघांची ओढाताण होते. माझं मत स्पष्ट आहे: बिनमाणसाच्या गाडीवर, प्रोजेक्ट म्हणून, जायरो हा सुंदर विषय आहे. चालकाखाली तो नको.

चालकाला मदत करणारा जायरो हवाच असेल तर तो पुढच्या चाकात शोधा. लहान मुलांच्या सायकलसाठी जायरोबाइक नावाची कल्पना अमेरिकेत डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी मांडली होती, तिच्यात पुढच्या चाकाच्या आत वेगळी चकती फिरते. ती चालते, कारण तिला गिम्बल आधीच मिळालेला आहे: हँडलचा आस. सायकल डावीकडे कलली की चकती हँडलच डावीकडे वळवते आणि चाक पडणाऱ्या बाजूला जाऊन तिला सावरतं. मात्र त्यासाठी सायकल पुढे जात असली पाहिजे, जागच्या जागी हा उपाय चालत नाही. आणि मोठी चकती घातली की हँडल झटकन वळवताना तीच गाडीला उलट बाजूला फेकते. २१ इंची पुढचं चाक ताशी ५ किलोमीटरला फिरतं तेव्हा त्याचा स्वतःचा संवेग जेमतेम २ असतो. आपली २६ वाली चकती त्यात घातली तर हँडल ताशी ६०-७० च्या वेगात असल्यासारखं जड लागेल. शिकणाऱ्यासाठी ४-५ पुरे, आणि हात बसत जाईल तसा तिचा वेग कमी करत न्यायचा.

जागच्या जागी उभं राहणं ज्याला खरंच शिकायचंय, त्याने आधी टायरची हवा बघावी. आपल्याकडे पेट्रोल पंपावर भरलेल्या पंचवीस-तीस पीएसआयवर हीरोची एक्सपल्स घेऊन पोरं दगडावर उभी राहायला बघतात. चाकं २१ आणि १८ इंचीच, ट्रायल्ससारखी, पण गाडी दीडशे किलोच्या वर आणि टायर दगडासारखा टणक. खऱ्या ट्रायल्स गाडीत हवा ४ ते ६ पीएसआय असते, टायर दगडाला बिलगतो. एक्सपल्सच्या रिमला इतकी कमी हवा सोसणार नाही, ट्यूब चिमटेल, पण सरावापुरती पंधरा-सोळावर आणून बघा आणि रस्त्यावर निघण्याआधी पुन्हा भरा. हँडल एका बाजूला टोकापर्यंत, पुढचा ब्रेक हलका, क्लच चावणाऱ्या जागेवर (जिथे गाडी ओढायला लागते), नजर चार-पाच मीटर पुढच्या एका ठिकाणी. मग गाडी ज्या बाजूला पडायला बघते तिकडे हँडल असताना क्लच केसभर सोडला की चाक पुढे सरकून तिच्या खाली येतं, ब्रेक दाबला की मागे राहतं. गिरणेच्या पात्रात वाळू ओली आणि दबलेली असते तिथे हे करा, सुक्या भुसभुशीत वाळूत पुढचं चाक रुततं आणि कारण कळत नाही. पाल-यावलकडच्या अभयारण्यात परवानगीशिवाय गाडी घालू नका.